गरी, गळ आणि पाण्यातला मासा

मराठीत 'गळ' हा शब्द आज बहुतेक वेळा पाण्याबाहेरच भेटतो. एखादा नगरसेवक दुसऱ्या पक्षाच्या गळाला लागतो, एखादी बनावट योजना ठेवीदारांना आमिष दाखवते, चौकशी सुरू झाली की छोटे मासे जाळ्यात सापडतात आणि बडे मासे निसटतात. वर्तमानपत्राचे एक पान वाचले तरी मासेमारीचा सगळा सरंजाम हाती येतो. त्यात मासा मात्र नसतो, आणि नदी तर नसतेच. एखाद्या कामाचे शब्द रूपक म्हणून इतके वापरून झिजले असतील, तर त्या कामाविषयी त्या भाषेत पुष्कळ लिहिले गेले असेल असे वाटणे साहजिक आहे. गळाच्या बाबतीत तसे झालेले नाही. काठी, दोरा आणि गळ घेऊन पाण्याकाठी बसलेला माणूस मराठी गद्याच्या मुख्य प्रवाहात क्वचितच दिसतो. तो का दिसत नाही, आणि त्याच्या नसण्याने आपण काय गमावले, हा या लेखाचा विषय आहे.

इंग्रजीत गळाविषयीच्या गद्याला पाचशे वर्षांची परंपरा आहे. १४९६ मध्ये छापलेल्या एका प्रबंधात कोणत्या महिन्यात कोणत्या रंगाची कृत्रिम माशी बांधावी याची यादी आहे, आणि ती मार्चपासून सुरू होते. १६५३ मध्ये आयझॅक वॉल्टनचे 'द कम्प्लीट अँगलर' आले. त्याच्या उपशीर्षकात या उद्योगाला चिंतनशील माणसाचा विरंगुळा म्हटले आहे. राजाचा शिरच्छेद होऊन चारच वर्षे झाली होती, आणि राजनिष्ठ वॉल्टन ओढ्याकाठी बसून माशांच्या गप्पा सांगत होता. हेमिंग्वेच्या 'बिग टू-हार्टेड रिव्हर' या कथेत (१९२५) युद्धावरून परतलेला निक एकटाच ट्राउट धरतो आणि युद्धाचा उल्लेखही येत नाही. नॉर्मन मॅक्लीनच्या 'अ रिव्हर रन्स थ्रू इट'मध्ये (१९७६) धर्मोपदेशक बापाचे प्रवचन आणि त्याने शिकवलेली गळ फेकण्याची लय मुलांना एकाच शिस्तीचे दोन भाग वाटतात. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. ज्याविषयी थेट बोलता येत नाही त्याच्या शेजारी निमूट बसण्याची सोय नदीकाठ करून देतो.

या थोर नावांच्या खाली रोजच्या लेखनाचा मोठा थर आहे. त्यातला एक नमुना मला विशेष बोलका वाटतो. वसंताच्या अगदी आरंभी नाव प्रवाहात सोडून दिवसभर वाहत जायचे आणि कृत्रिम माशीने स्मॉलमाउथ बास धरायचा, याविषयीचे लेख अमेरिकेत दर वर्षी नव्याने लिहिले जातात. हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातल्या नद्यांचा मासा. हिवाळाभर तो खोल, संथ डोहात पडून असतो. पाणी दहा अंश सेल्सियसच्या आसपास आले की हलू लागतो. पंधरा अंशांच्या पुढे गेले की नर उथळ पाण्यात खडी साफ करून घर करतो आणि मादीने घातलेल्या अंड्यांची राखण करतो. या दोन आकड्यांच्या मधले मोजके आठवडे हा त्या लेखांचा सगळा काळ. याच माशासाठी पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीवर बॉब क्लाउझर यांनी १९८०च्या दशकात 'क्लाउझर मिनो' नावाची माशी घडवली. नावाने माशी असली तरी ती लहान माशाची नक्कल आहे. माशीने मासा धरायचा, हा श्लेष मराठीला फुकट मिळालेला आहे.

असे लेख बहुतेक तांत्रिक असतात आणि लवकर जुने होतात. पण त्यातला चांगला लेख वाचताना लक्षात येते की लेखकाने सगळा वेळ पाणी वाचण्यात घालवला आहे. काठालगत प्रवाह कुठे मंदावतो, खडकामागे पाणी उलटे कसे फिरते, गढूळपणा आज कालपेक्षा किती कमी आहे, दुपारी ऊन पडल्यावर कोणता काठ आधी तापतो, हे सगळे त्याला सांगता आले पाहिजे. मासा मिळाला की नाही याला शेवटी फारसे महत्त्व उरत नाही. वाचकाला त्या नदीचा एक तुकडा, एका आठवड्यापुरता, माहीत झालेला असतो. मराठीत अशा गद्याची उणीव मला जाणवते ती याच अर्थाने.

यावर नेहमीचे उत्तर असे की गळ टाकून बसणे हा रिकामटेकड्या श्रीमंतांचा खेळ, आणि मराठी लेखक मध्यमवर्गीय तरी किंवा कष्टकरी तरी. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कारण हा खेळ आपल्याकडे होता, आणि त्यावरचे लेखनही होते. तेही वॉल्टनच्या पाचशे वर्षे आधी.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, बीदर जिल्ह्यातले, मराठी मुलखाला अगदी लागून. ग्रंथाचे पाच भाग, प्रत्येकात वीस अध्याय. राज्य कसे मिळवावे येथपासून स्वयंपाक, हत्ती, कुस्ती, गाणे इथपर्यंत सगळे त्यात आहे. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये श्रीगोंदेकरांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती १९२५ ते १९६१ या काळात तीन खंडांत निघाली. विनोदांच्या विंशतीत 'मत्स्यविनोद' नावाचा अध्याय आहे, आणि तो राजाने गळाने मासे धरण्याविषयी आहे. पस्तीसेक प्रकारचे मासे, त्यांतले समुद्राचे कोणते, नदीचे कोणते, आणि कोणाला काय खायला घालावे, हे राजाने नेमकेपणाने नोंदवले आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या अध्यायाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यातल्या नावांची आजच्या माशांशी सांगड घालण्याचा प्रयत्न केला.

त्या यादीतला 'पाठीन' मला ओळखीचा वाटतो, कारण दुर्गच्या बाजारात आजही 'पढ़िना' मिळतो. शास्त्रीय नाव वॉलॅगो अट्टू, मोठ्या जबड्याचा, बिनखवल्यांचा मासा. नऊशे वर्षांत राज्ये गेली, राजभाषा बदलल्या, आणि माशाचे नाव मात्र थोडे घासून केवटिणीच्या टोपलीत शिल्लक राहिले. 'मत्स्यविनोद' वाचणाऱ्या संस्कृतज्ञाला जे कोशात शोधावे लागते ते इथे किलोच्या भावाने विकले जाते.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात 'मानसोल्लास'चे नाव येते ते मात्र या अध्यायासाठी नाही. गीतांच्या प्रकरणात दशावतारांचे वर्णन करणारी काही देशी भाषांतली गीते आहेत, त्यांत मराठीच्या सर्वांत जुन्या उपलब्ध ओळींपैकी काही आहेत. त्यातली वारंवार उद्धृत होणारी ओळ मत्स्यावताराची आहे. म्हणजे एकाच ग्रंथात, एकाच विंशतीत, दोन मासे आहेत. एक राजाच्या गळाला लागणारा, संस्कृतात वर्णिलेला, वजन आणि आहार असलेला. दुसरा वेद वर आणणारा, मराठीत गायलेला. आपण दुसरा घेतला. पाठ्यपुस्तकांनी तो उद्धृत केला, इतिहासकारांनी त्यावरून भाषेचे वय ठरवले. पहिला मासा संस्कृतातच राहिला आणि मत्स्यशास्त्रज्ञांच्या हवाली झाला.

ही निवड योगायोगाची नाही. पुढच्या काही शतकांत मराठी काव्याने माशाकडे कसे पाहिले ते बघितले की तिची दिशा कळते. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा आहे. त्यातला एक गुरू मासा. जिभेच्या लोभाने तो गळ गिळतो आणि मरतो; त्याच्याकडून रसना जिंकायला शिकावे, असा बोध. एकनाथांनी काशीत १५७३ मध्ये पूर्ण केलेल्या भागवतटीकेत हा गुरू मराठी श्रोत्यांपर्यंत पोचवला. तुकारामांच्या अभंगांत पाण्यावाचून तळमळणारी मासोळी म्हणजे देवावाचून तळमळणारा भक्त. दोन्ही ठिकाणी श्रोत्याची जागा ठरलेली आहे. तो गळाच्या वरच्या टोकाला कधीच नसतो. तो खालच्या टोकाला, माशाच्या जागी असतो.

मला ही मराठी कवितेची मोठी कमाई वाटते. इंग्रजी परंपरेत माशाचे दुःख हा प्रश्न फार उशिरा आणि बिचकत विचारला गेला. वॉल्टन आमिषाचा बेडूक गळाला अडकवण्याची रीत ज्या मायेने सांगतो ती वाचताना आजचा वाचक चपापतो. आपल्याकडे उत्तर आधीच दिलेले होते, आणि प्रश्न विचारण्याची गरज उरली नाही. पण या कमाईची किंमतही मोजावी लागली. गळ एकदा इंद्रियलोभाचे रूपक झाला की पाण्याचे तापमान, तळाची खडी, माशाची जात हे सगळे अनावश्यक होते. एकनाथांच्या माशाला जात नाही. त्याला ती असण्याचे कारणही नाही. तो रोहू आहे की पढ़िना, असा प्रश्न तिथे कोणी विचारला तर तो रसभंगच ठरेल. रूपकाने माशाला करुणा दिली आणि त्याचे नाव काढून घेतले.

आधुनिक मराठी गद्याने त्यात दोन जागा वाढवल्या, ताट आणि जाळे. ताटातल्या माशाविषयी आपण उत्तम लिहितो. तिरफळ कधी घालायचे, सुरमई कशी कापायची, श्रावण संपल्यावर पहिला बाजार कसा वाटतो, याबद्दलचे मराठी गद्य चविष्ट आहे आणि नेमकेही आहे. जाळ्याविषयीचे लेखन वेगळ्या जातीचे. ते श्रमाविषयी, जातीविषयी, कर्जाविषयी असते, आणि शेजारच्या भाषांत त्याने मोठ्या कादंबऱ्या दिल्या. माणिक बंद्योपाध्यायांची 'पद्मा नदीर माझि' (१९३६), अद्वैत मल्लबर्मणांची 'तितास एकटि नदीर नाम' (१९५६), तकऴींची 'चेम्मीन' (१९५६), नागार्जुनांची 'वरुण के बेटे' ही सगळी जाळ्याची पुस्तके. जाळे एकट्याने ओढले जात नाही, म्हणून या कादंबऱ्या समाजाच्या आहेत. गळ एकट्याचा असतो. त्याचे गद्य एकांताचे असते.

या फरकाचा मराठीतला सर्वांत रोचक पुरावा भाषांतरात सापडतो. हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी'चे पु. ल. देशपांडे यांनी केलेले भाषांतर 'एका कोळियाने' या नावाने प्रसिद्ध आहे. नाव उच्चारताच शाळेतला जाळे विणणारा, पडून पुन्हा चढणारा कोळी आठवतो. मराठीत कोळी म्हणजे जाळे विणणारा जीवही आणि मासेमारही, आणि पु. लं.नी हा श्लेष अचूक पकडला. चिकाटीचा अर्थ त्यातून एका क्षणात पोचतो. पण सांतियागोच्या हातात जाळे नाही. त्याच्या हातात दोर आहे, दोराच्या टोकाला गळ, आणि खोल पाण्यात एक मासा, ज्याच्याशी तो तीन दिवस बोलतो. मराठी शीर्षकाने त्या दोराचे नकळत जाळे केले. याला मी भाषांतराचा दोष म्हणणार नाही. हाताशी असलेल्या शब्दांतून भाषांतरकार तोच शब्द उचलतो ज्यामागे आठवण आहे. मराठीत जाळ्यामागे आठवण होती, दोरामागे नव्हती.

मग दोराची आठवण गेली कुठे? तिचा एक भाग लॅटिनमध्ये गेला. कर्नल सायक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी दख्खनभर फिरून आकडेवारी गोळा करीत असे. १८३९ मध्ये त्याने दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळालेल्या महसीरला त्याने 'खुद्री' हे नाव दिले. याशिवाय 'मसुल्ला', 'कोलस', 'पोटैल', 'बोग्गट', 'नुक्ता', आणि एका प्रजातीसमूहाला चक्क 'रोहटी'. ही सगळी नावे त्याने नदीकाठी ऐकलेली होती आणि तशीच्या तशी लॅटिनच्या साच्यात बसवली. आज जगातला कोणताही मत्स्यशास्त्रज्ञ 'टॉर खुद्री' म्हणतो तेव्हा तो एकोणिसाव्या शतकातल्या कोणा भोयाचा किंवा कोळ्याचा उच्चार पुन्हा करीत असतो. त्या माणसाचे नाव नोंदलेले नाही. सायक्सच्या यादीकडे मी एक हरवलेला मराठी ग्रंथ म्हणून पाहतो. त्यात फक्त नामे शिल्लक आहेत, क्रियापदे गेली आहेत. हा मासा कधी वर येतो, कशाला तोंड लावतो, कोणत्या पावसानंतर दिसत नाही, हे सांगणारी वाक्ये ज्यांना येत होती त्यांना ती लिहायला कोणी सांगितले नाही.

इंग्रज शिकाऱ्यांनी आपल्या सोयीपुरती ती वाक्ये उचलली. दक्षिण कानड्याचा कलेक्टर एच. एस. थॉमस याचे 'द रॉड इन इंडिया' १८७३ मध्ये आले. जिम कॉर्बेटच्या 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ'मध्ये (१९४४) वाघांच्या गर्दीत एक प्रकरण महसीरचे आहे आणि ते पुस्तकातले सर्वांत निवांत प्रकरण आहे. भारतीय नद्यांचे पाणी या लेखकांनी वाचले, यात शंका नाही. पण त्या पानांतले एतद्देशीय माणसे बहुतेक वेळा सामान उचलायला आणि मासा काठावर आणायलाच असतात. म्हणून मराठी वाचकाला हे लेखन आवडले तरी आपले वाटत नाही.

आता शिवनाथविषयी. गडचिरोली आणि राजनांदगावच्या सीमेवरच्या टेकड्यांतून येऊन दुर्गला वळसा घालत ही नदी पुढे महानदीला मिळते. पुलगावच्या पुलावरून किंवा महमऱ्याच्या बंधाऱ्यावरून माघ-फाल्गुनात पाहिले तर काठाने ठरावीक अंतरावर माणसे बसलेली दिसतात. बांबूची काठी, नायलॉनचा दोरा, पिठाचा गोळा किंवा गांडूळ. मोंगरी, टेंगना, कोतरी असे काहीबाही मिळते, पुष्कळदा काहीच मिळत नाही. छत्तीसगढीत याला 'गरी खेलना' म्हणतात. कोकणातही गळाला गरी म्हणतात आणि गरीने मासे धरण्याला गरवणे. दोन टोकांच्या दोन भाषांत शब्द एकच आहे, पण छत्तीसगढीने त्याच्यापुढे लावलेले क्रियापद मला महत्त्वाचे वाटते. जाळे टाकतात, गरी खेळतात. काठावर बसणारे हे लोक श्रीमंत नाहीत. कोणी पाळी संपवून आलेला कामगार असतो, कोणी निवृत्त, कोणी शाळा चुकवलेला. त्यांच्या भाषेने या कामाला खेळ म्हटले आहे. विरंगुळा ही वरच्या वर्गाची मिरासदारी, हा आपला समज या एका क्रियापदापुढे टिकत नाही.

अमेरिकी लेखांचा साचा मात्र इथे जसाच्या तसा चालणार नाही. तिथला वसंत म्हणजे बर्फ वितळून वाढणारे आणि तापणारे पाणी. इथला वसंत म्हणजे आटणारे पाणी. फाल्गुनापासून प्रवाह तुटू लागतो आणि मासे 'दहरा'त, म्हणजे नदीतल्या खोल डोहांत, गोळा होतात. तिथे मासा डोहातून बाहेर पडतो तेव्हा ऋतू सुरू होतो; इथे मासा डोहात शिरतो तेव्हा. 'दहरा के भरोसा बाढ़ी खाना' अशी छत्तीसगढीत म्हण आहे: डोहातल्या माशांच्या भरवशावर सावकाराकडून वाढीने धान्य उचलायचे. एवढ्याशा म्हणीत नदीचे शास्त्र आहे, कर्जाचे अर्थशास्त्र आहे, आणि आशेची थट्टाही आहे. एखाद्या चांगल्या ललित लेखाला याहून अधिक काय लागते?

आणि हे पाणी राजकारणापासून दूर नाही. १९९८ मध्ये, छत्तीसगड राज्य होण्याआधी, दुर्गजवळच्या बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरवण्यासाठी शिवनाथचा सुमारे तेवीस किलोमीटरचा पट्टा बावीस वर्षांच्या कराराने एका खासगी कंपनीकडे गेला. काठच्या गावांतल्या लोकांना मासेमारीला, आंघोळीला, पाणी उपसायला अटकाव होत असल्याच्या तक्रारी झाल्या, आंदोलने झाली, देशभरातल्या पाण्याच्या खासगीकरणाच्या चर्चेत शिवनाथचे नाव पहिले उदाहरण म्हणून आले. या प्रकरणावर अहवाल आहेत, निवेदने आहेत, विधानसभेतली चर्चा आहे. नाही ते असे गद्य ज्यातून वाचकाला कळावे की त्या तेवीस किलोमीटरांत दहरे कोणते होते, त्यांची नावे काय होती, आणि कोणत्या महिन्यात तिथे कोण गरी खेळायला बसत असे. नदी गेली म्हणजे नेमके काय गेले हे सांगायला आपल्याकडे क्युसेक आणि रुपये एवढीच मापे होती. वॉल्टनच्या जातीचे गद्य हे तिसरे माप आहे. ते ज्या भाषेत असते त्या भाषेत नदीचा करार करताना निदान शब्द आडवे येतात.

दुर्गच्या शेजारी राजनांदगावला गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून राहिले. घरची भाषा मराठी, लिहिण्याची हिंदी. त्यांचे महाविद्यालय राणीसागर आणि बूढ़ासागर या तलावांच्या काठी आहे. त्यांच्या कवितेत पाणी वारंवार येते, पण ते विहिरीच्या तळाचे, तलावातले काळे पाणी. त्यातून ब्रह्मराक्षस येतो, चेहरे वर येतात. नागपूरला राहिलेले त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र यांनी मराठीत लिहिले, आणि त्यांच्या पहिल्या कादंबरीचे नावच 'क्षिप्रा' (१९५४) आहे, एका नदीचे. दोघांनाही पाण्यात माणसाच्या मनाचा आणि काळाचा तळ शोधायचा होता. हे मोठे काम होते. पण या भागातला मराठी वाचक त्यांच्यानंतर पाण्याकडे पाहतो तेव्हा त्याला तळच दिसू लागतो. मधल्या थरात फिरणारी कोतरी दिसत नाही. थोर कवींचा असाही परिणाम होत असतो.

मराठीत या मधल्या थराच्या सर्वांत जवळ जो लेखक गेला तो मारुती चितमपल्ली. वनखात्याच्या नोकरीत त्यांनी नवेगावबांधला घालवलेली वर्षे दुर्गपासून दोन-तीन तासांच्या अंतरावरची. तलावाचा काठ, पक्षी, ढीवर, गोंड यांच्याकडून ऐकलेले शब्द त्यांनी जपून लिहिले. ज्याला नाव माहीत आहे त्याच्या तोंडून ते नाव येऊ देण्याची सवय मराठी गद्याला त्यांनी लावली. सायक्सने जे केले नाही ते त्यांनी केले, माहितगाराला वाक्यात जागा दिली. तरी त्यांचा निवेदक पाहणारा आहे, खेळणारा नाही. त्याच्या हातात दुर्बीण शोभते. आमिषाला तोंड लागल्यावर दोऱ्यातून बोटापर्यंत येणारा तो बारीक झटका, आणि त्याबरोबर येणारा आनंद व अपराध यांचा गुंता, हा अनुभव त्या गद्यात येत नाही.

तो यावा का, हा खरा प्रश्न. एकनाथांचा मासा इथे पुन्हा समोर येतो आणि त्याला चुकवून पुढे जाता येत नाही. खेळ म्हणून जिवाला गळ टोचणे समर्थनीय आहे का? धरून सोडून देण्याच्या आधुनिक रीतीनेही तो प्रश्न सुटत नाही. सोडलेल्या माशालाही गळ लागलेलाच असतो. अंडी राखणाऱ्या नराला घरावरून उचलण्याविषयी अमेरिकेतले बास धरणारेही आपसांत वाद घालतात. माझे मत असे की हा गुंता लेखनाबाहेर ठेवण्याऐवजी लेखनात आणावा. तो आणायला मराठीइतकी तयार भाषा दुसरी क्वचितच असेल. इंग्रजी परंपरेला वरचे टोक ठाऊक आहे, आपल्याला खालचे. दोन्ही टोके एका वाक्यात धरणारे गद्य अजून कोणी लिहिलेले नाही, आणि ते लिहिण्याची सामग्री आपल्या घरात आहे.

असे गद्य केवळ शोभेचे नसते, याचे एक उदाहरण कावेरीचे आहे. तिथल्या कुबड असलेल्या महसीरची संख्या किती वेगाने कोसळली, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले, आणि त्याचा आधार होता गळाने मासे धरून सोडणाऱ्यांनी वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदवह्या. दुसरा कोणताही सलग पुरावा नव्हता. या कथेला मराठी बाजूही आहे. त्या माशाची जागा ज्याने घेतली तो बाहेरून आणून सोडलेला निळ्या परांचा महसीर, म्हणजे आपला मुळा-मुठेचा खुद्री, आणि त्याची पैदास लोणावळ्याला टाटांच्या तलावावर होत असे. एका नदीचे भले करायला निघालेला मासा दुसऱ्या नदीत संकट ठरला. हे कळले ते कोणीतरी काठावर बसून तारीख, वजन आणि जात लिहून ठेवत होते म्हणून. रूपकातल्या माशाला यांतले काहीच नसते, म्हणून तो नाहीसा झाला तरी आपल्याला पत्ता लागत नाही.

शिवनाथवर अशी वही कोणी ठेवत असेल का, मला माहीत नाही. पण ती लिहू शकतील अशी माणसे महमऱ्याला रोज बसतात. त्यांची भाषा छत्तीसगढी आहे, काहींची मराठी, बऱ्याच जणांची दोन्हींची सरमिसळ. समीक्षेने त्यांच्याकडून कादंबरीची अपेक्षा करू नये. या फाल्गुनात कोणता दहरा आधी आटला, पढ़िना शेवटचा केव्हा लागला, आणि लागला तेव्हा हाताला काय वाटले, एवढे जरी कोणी चार पानांत लिहिले, तरी मराठी गद्याने ते आपले म्हणून छापायला हवे, 'गरी' आणि 'दहरा' या शब्दांना तळटीप न लावता.